जिममधली कुपी आणि डॉक्टरची चिठ्ठी

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर ताई, मी साखर कारखान्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झालो, कराडच्या बाजूला राहतो. थोरली लेक 24 वर्षांची, पुण्यात नोकरीला. गेल्या दिवाळीत तिनं सांगितलं, मी मुलगी नाही, मुलगा आहे, लहानपणापासून तसंच वाटतंय. नावही वेगळं घेतलंय. आम्ही रडलो, भांडलो, मग गप्प बसलो. मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा बॅगेत इंजेक्शनची कुपी सापडली. म्हणाली, टेस्टोस्टेरॉन आहे, जिममधला एक जण आणून देतो, पुढं छातीचं ऑपरेशन करायचंय. मंडळी म्हणतात, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. एक डॉक्टर सहा महिन्यांत 'नॉर्मल' करून देतो म्हणालेत, आगाऊ पैसे मागतात. मेहुणा म्हणतो, ही मोबाइलची थेरं, इंग्लंडनं पण बंदी घातली. इंजेक्शनानं जिवाला धोका आहे का? ऑपरेशन झालं आणि उद्या पस्तावली तर? खर्च कोण करणार? आणि भावकीत काय सांगायचं? यात्रा जवळ आलीय."

— एक वडील, सातारा जिल्हा

नमस्कार दादा,

प्रश्न बरेच आहेत, पण घाईचा एकच आहे, तो म्हणजे ती कुपी. लग्न, भावकी, यात्रा, मेहुणा हे सगळं महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही.

तुमच्या लेकरानं तुम्हाला 'मी मुलगा आहे' असं सांगितलंय, म्हणून मी पुढे 'तो' लिहिणार आहे. तुमच्या तोंडी ते लगेच बसणार नाही. बसेल तेव्हा बसेल.

आज संध्याकाळी त्याला फोन करा. 'बंद कर' एवढं मात्र म्हणू नका. म्हणालात तर कुपी बॅगेतून कपाटात जाईल आणि इंजेक्शन चालूच राहील. त्यापेक्षा साधं विचारा: कुपीवर नाव काय आहे, किती मिलिग्रॅमची आहे, किती दिवसांनी घेतोस, टोचतं कोण, सिरिंज दर वेळी नवी असते का. जिमच्या बाजारात लेबलवर एक आणि आत दुसरंच असं सर्रास चालतं. टेस्टोस्टेरॉनच्या नावाखाली दंड फुगवणारं भलतंच स्टेरॉइड निघतं, आणि डोस ठरवणारा माणूस बॉडीबिल्डिंगच्या हिशोबानं ठरवतो. हे औषध तेलात असतं. ते स्नायूत खोल, सावकाश द्यावं लागतं. वरच्यावर कसंही टोचलं की गाठ होते, पू धरतो. आणि कुपी किंवा सुई दोघांत वापरली गेली असेल तर बी आणि सी कावीळ आणि एचआयव्ही या तिन्ही तपासण्या आधी करून घ्यायच्या, लाजायचं नाही.

जिवाला धोका आहे का, असं विचारलंत. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेतलं तर हे औषध वर्षानुवर्षं घेणारी माणसं आहेत आणि ती कामाधंद्याला जातात. धोका येतो तो न मोजता घेतल्यानं. टेस्टोस्टेरॉननं रक्तातल्या लाल पेशी वाढतात. रिपोर्टमध्ये 'हिमॅटोक्रिट' नावाची एक ओळ असते, हिमोग्लोबिनच्या आसपासच. तो आकडा 54 टक्क्यांच्या वर गेला तर रक्त घट्ट होतं, गुठळीची भीती वाढते. मग डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. जिमवाला ही ओळ बघत नाही. म्हणून पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, नंतर वर्षातून एक-दोनदा. सोबत रक्तदाब, चरबी, यकृत आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी. एवढी शिस्त पाळली तर मधुमेहाच्या माणसाचं चालतं तसंच याचंही चालतं.

आता रीतसर मार्ग. आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तिथे कुणाला 'बरं' करायचं नसतं. त्याला नेमकं काय हवंय, ते किती काळापासून वाटतंय, सोबत नैराश्य किंवा आणखी काही आहे का, परिणामांची समज आहे का, हे बघून ते चिठ्ठी देतात. ती घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जायचं, म्हणजे थायरॉइडसाठी आपण ज्यांच्याकडे जातो तेच. तिथे इंजेक्शन सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा: पुढे कधी स्वतःचं मूल हवं वाटलं तर? बीजांडं गोठवून ठेवायची असतील तर ती आधी ठेवलेली बरी. खर्चिक आहे, आणि चोविसाव्या वर्षी कुणालाही हा प्रश्न फालतू वाटतो. तरी विचारायचा. आणखी एक, पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही असं नाही. हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नव्हे.

बदल कसे होतात तेही ऐकून ठेवा, म्हणजे घरात दचकायला होणार नाही. पहिल्या काही महिन्यांत चेहरा तेलकट, मुरुमं. पाळी साधारण सहा महिन्यांच्या आत थांबते. आवाज फुटायला लागतो आणि वर्षभरात बराच खाली जातो. दाढी हळूहळू येते, पूर्ण यायला चार-पाच वर्षं. घरात टकलाची परंपरा असेल तर तीही मिळते, तुमच्याकडूनच. औषध थांबवलं तर पाळी परत येऊ शकते, कमावलेले स्नायू उतरतात. आवाज आणि दाढी मात्र राहतात. तेवढा भाग परतीचा नाही, म्हणून त्या पहिल्या चिठ्ठीला महत्त्व.

छाती बांधण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. अशी मुलं ऑपरेशन होईपर्यंत छाती दाबून बांधतात, आणि पैसे नसले की मेडिकलमधली क्रेप बँडेज गुंडाळतात. ती श्वासागणिक आवळत जाते. फासळ्या दुखतात, कातडी सोलते, काही जण रात्रीही तशीच ठेवून झोपतात. त्यासाठी 'बाइंडर' नावाचा वेगळा कपडा मिळतो. तोही दिवसाकाठी आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना आणि व्यायामात तर नकोच. दादा, एक बाइंडर घेऊन दिलात तर तो तुमच्याशी उरलेलं सगळं बोलेल, असं माझं मत आहे.

आता मेहुण्यांची मोबाइलची थेरं. मोबाइलमुळे या मुलांना शब्द मिळाले आणि एकमेकांचे पत्ते मिळाले, हे खरं आहे. पण टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं 1935 मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, 1939 मध्ये, इंग्लंडातल्या मायकेल डिलन नावाच्या तरुणानं त्याच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. जन्मानं मुलगी, ऑक्सफर्डला शिकलेला. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरनं त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि त्या तज्ज्ञानं ती गोष्ट बाहेर बोलून टाकली. डिलनला नोकरी सोडून ब्रिस्टलमध्ये एका गॅरेजमध्ये काम धरावं लागलं. डॉक्टर निवडताना पदवीइतकीच त्याची जीभ तपासा, असं मी म्हणते ते यासाठी.

1942 मध्ये त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, 1944 मध्ये जन्मदाखला बदलून मिळाला. पुढची ऑपरेशनं केली सर हॅरोल्ड गिलीज यांनी. हे गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांना नवे चेहरे देणारे सर्जन. शरीराच्या एका जागची कातडी नळीसारखी शिवून, जिवंत ठेवून दुसऱ्या जागी न्यायची, हे तंत्र त्यांनी जखमी शिपायांवर बसवलं होतं. तेच 1946 ते 1949 या काळात डिलनसाठी वापरलं, किमान 13 ऑपरेशनं करून. कुणाला संशय येऊ नये म्हणून कागदोपत्री एका जन्मजात व्यंगाचं निदान लिहिलं. त्याच काळात डिलन डब्लिनला वैद्यकशास्त्र शिकत होता. पुढे तो जहाजावरचा डॉक्टर झाला. 1958 मध्ये उमराव घराण्यांच्या दोन वंशावळींतल्या नोंदी जुळेनात, त्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला उघडं पाडलं. तेव्हा तो पळून आला तो आपल्याकडे, भारतात. सारनाथला राहिला, लडाखमध्ये रिझोंगच्या मठात बौद्ध साधू म्हणून राहिला, आणि 1962 मध्ये डलहौसीला वारला. वय 47. त्या काळात मोबाइल सोडा, आपल्या गावात वीज तरी होती का ते मेहुण्यांना विचारा.

त्याही आधी, 1919 मध्ये, बर्लिनला माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरनं लैंगिकतेच्या अभ्यासाची आणि उपचारांची संस्था काढली होती, तिथे असे लोकही येत. स्त्री होऊ पाहणाऱ्यांवरच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रिया तिथल्या डॉक्टरांच्या हातून झाल्या. मे 1933 मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं भर चौकात जाळली. 1952 मध्ये अमेरिकेची क्रिस्टिन जॉर्गेन्सन डेन्मार्कमध्ये ऑपरेशन करून घेऊन जगभर पहिल्या पानावर आली. 1966 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सनं क्लिनिक काढलं, 1979 मध्ये बंद केलं. त्याच 1979 मध्ये या विषयातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं उपचारांचे पहिले लेखी दंडक तयार केले. त्याची आठवी आवृत्ती 2022 ची आहे. सगळं सरळ रेषेत पुढे गेलं असं नाही. डॉक्टरांनी या लोकांना फार ताटकळत ठेवलं, वर्षानुवर्षं परीक्षा घेतल्या, 'खरा पुरुष' कसा चालतो ते दाखव म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तीत हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे.

आपल्याकडे तर हे आणखी जुनं आहे. किन्नर समाजात 'निर्वाण' होतं, म्हणजे लिंग आणि अंडकोष कापून टाकणं, दाईच्या हातचं, भूल न देता. रक्त जाऊन, जखम चिघळून माणसं मेली, आणि कुणी विचारलंही नाही. आजही स्त्री होऊ पाहणाऱ्या कितीतरी जणी माला-डीची पाकिटं गोळीमागून गोळी खातात, कारण त्या स्वस्त आणि बिनचिठ्ठीच्या. त्या गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन वेगळ्या प्रकारचं असतं, एवढ्या प्रमाणात घेतलं तर पायात गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ शकते. तुमच्या लेकराची कुपी आणि ते पाकीट, दोन्हींचं मूळ एकच: दवाखान्याच्या दारात लाज वाटते आणि दुकानाच्या दारात वाटत नाही.

इंग्लंडच्या बंदीबद्दल. ती 18 वर्षांखालच्या मुलांची वयात येण्याची प्रक्रिया थांबवणाऱ्या औषधांवर आहे. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या कॅस अहवालानं म्हटलं की लहान मुलांमध्ये या औषधांच्या फायद्याचा पुरावा कच्चा आहे. त्यावरून डॉक्टरांमध्ये आजही कडाक्याचं भांडण आहे. मला विचाराल तर अल्पवयीन मुलांच्या बाबतीत हात आखडता घेण्यात चूक नाही. पण तुमचं लेकरू 24 वर्षांचं आहे, त्या बंदीशी त्याचा काही संबंध नाही.

सहा महिन्यांत 'नॉर्मल' करणाऱ्या डॉक्टरना एक पैसाही देऊ नका. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय की असले बदलण्याचे उपचार करणं म्हणजे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन आहे. त्याला कारण झाला मद्रास उच्च न्यायालयातला 2021 चा एक खटला. म्हणजे तक्रार करायला जागा आहे. एवढं त्या डॉक्टरना ऐकवलंत तर आगाऊ पैशांचा विषय आपोआप बंद होईल.

आणि वहिनींना सांगा, लग्न हा उपचार नाही. लग्न लावलंत तर तुमच्या घरातल्या एका माणसाचं दुःख दुसऱ्याच्या घरात, ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्याच्या गळ्यात बांधाल. वर्षभरात दोन्ही घरं कोर्टात. गावाकडच्या दवाखान्यात असे संसार मी पाहिलेत, आणखी एक बघायची इच्छा नाही.

ऑपरेशन. 'ऑपरेशन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. पुरुष होऊ पाहणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त छातीचं करतात आणि तिथेच थांबतात. ते तुलनेनं सरळ असतं: दोन-तीन तास, काही दिवस नळ्या, काही आठवडे घट्ट बनियन, छातीवर दोन व्रण राहतात. गर्भाशय काढणं हे वेगळं, ते बायकांचं होतं तसंच. खालचं बांधकाम मात्र अवघड. हाताच्या कातडीपासून वगैरे करतात, टप्प्याटप्प्यानं, आणि लघवीच्या मार्गात गळती किंवा अडथळा होण्याचं प्रमाण चांगल्या हातांतही कमी नाही. त्याला ते हवं असेल तर ते शेवटी, आणि असं काम नियमित करणाऱ्या सर्जनकडेच. 'आम्ही पण करतो' म्हणणारे खूप आहेत. किती केलीत आणि त्यातली किती परत उघडावी लागली, हे विचारायला कचरू नका.

पस्तावला तर? शस्त्रक्रियेनंतर पस्तावणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत 1 टक्क्याच्या आसपास येतं. त्या अभ्यासांत एक खोट आहे, बरेच रुग्ण नंतर परत दवाखान्यात येत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा वर असू शकेल. तरी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे जितके लोक 'उगाच केलं' म्हणत येतात, त्या मानानं हे फारच कमी. शिवाय छातीचं ऑपरेशन त्यानं उद्याच करायचं ठरवलेलं नाही. इंजेक्शनावर वर्षभर राहून, त्या आवाजात, त्या नावानं ऑफिसला जाऊन बघू दे. त्याला वेळ मिळतो, तुम्हालाही मिळतो.

बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे तुम्हाला आठवत असतील. 2017 मध्ये रजेसाठी ते उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात, सरकारी दवाखान्यात, त्यांच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं, म्हणजे त्यांची गोष्ट तुमच्या लेकरापेक्षा वेगळी असू शकते. पण महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात प्लास्टिक सर्जन हे काम करतात आणि खात्यातला माणूस नंतर त्याच खात्यात नोकरी करतो, हे त्यातून दिसलं. 2023 मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी वेगळा कक्षही सुरू झाला. उलट पुणे आणि कल्याणला मित्र क्लिनिक नावाची चांगली सोय होती, ती जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेची मदत थांबल्यानं बंद पडली. त्यामुळे जुन्या यादीवरून पुण्यात हिंडू नका, आधी फोन करा.

खर्चाचं. या उपचारांची आणि त्यांच्या विम्याची सोय करण्याची जबाबदारी 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 15 नं सरकारवर टाकली. त्यातून 2022 मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत वर्षाला 5 लाखांच्या विम्याची योजना जाहीर झाली. तिला तृतीयपंथी व्यक्ती म्हणून मिळणारं ओळखपत्र लागतं. कार्ड हातात असलं म्हणून ऑपरेशनची तारीख मिळतेच असं नाही, रुग्णालयाच्या योजना कक्षात जाऊन 'हे पॅकेज तुमच्याकडे खरंच होतं का' असं तोंडावर विचारा. ओळखपत्राचे नियम बदलत असतात, म्हणून साताऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात आजची पद्धत विचारूनच अर्ज करा. एजंट नको. त्याच्या कंपनीचा गट विमा असेल तर त्याची पॉलिसीही नीट वाचा, काही कंपन्या आता हे उपचार धरतात.

पहिल्या तपासणीला तुम्ही दोघंही जा. आत बसायचं की बाहेर, ते तो सांगेल. वहिनींना डॉक्टरना काय विचारायचंय ते कागदावर लिहून न्या, कारण तिथे गेलं की रडू येतं आणि प्रश्न राहून जातात.

राहिली भावकी. कुणाला, कधी आणि किती सांगायचं हे त्यालाच ठरवू द्या, तुम्ही परस्पर कुणाच्या कानात घालू नका, मेहुण्यांनाही तसं बजावा. यात्रेला त्याला यायचं असेल तर येऊ दे, साडीचा आग्रह नको, शर्ट-पॅंटवर पुण्याची पोरं सगळीच येतात. या खेपेला कुणी आवाजाबद्दल विचारलं तर घसा बसलाय म्हणून निभावेल. पुढच्या यात्रेपर्यंत मिसरूड फुटलेलं असेल, तेव्हा काय सांगायचं ते आत्ताच तिघांनी बसून ठरवून ठेवा.